अंबाडीचे जांभळे केस

भानुदासमामा. पहिलं नाव हेच लिहितो, कारण माझ्या नावामागं बी. ए. लागलं ते या माणसामुळं. आणि आता जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी चहा पितो त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुमच्यासमोर एकदा सांगितलं की मागं घेता येणार नाही, म्हणून.

आधीच सांगून ठेवतो, हे वाचून तुम्हाला माझी कीव येईल अशी माझी अपेक्षा नाही. यातल्या अर्ध्या गोष्टीची मला लाजही वाटत नाही. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायला मला इतकी वर्षं लागली.

आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रकमध्ये, ते उन्हाळ्यात परत. माझी शाळा बुडू नये म्हणून मामांनी मला ठेवून घेतलं. वर्षभरासाठी म्हणून ठेवलं आणि कॉलेज होईपर्यंत ठेवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण म्हणून ठेवलं असं नाही. शाळा बुडणं त्यांना सहन व्हायचं नाही. स्वतःची सातवीत सुटली होती.

मामा आमच्या दूध संस्थेचं दूध गोळा करायचे. सायकलला कॅन लावून आमची माळवस्ती, नाल्यापलीकडचं गाव, पुन्हा माळवस्ती. संस्था निघाली तेव्हाच्या पहिल्या सभासदांतले ते. दुधात पाणी निघालं तर चेअरमनच्या घरचं असलं तरी परत पाठवायचे. चेअरमन तोंडावर हसायचे. ते विसरले नव्हते, हे पुढं कळलं.

मग तो दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली, बाप्ये जनावरांबरोबर छावणीत गेले, दूध आटलं आणि संकलन बंद पडलं. मामांनी केजला एका मंडपवाल्याकडं काम धरलं. वस्तीवर सांगितलं, लग्नात वाढपी म्हणून जातो. खरं काम मामीला आणि मला माहीत होतं. मंगल कार्यालयाच्या दारात, पोरांना हसवायला जोकर म्हणून उभं राहायचं.

तुम्ही हसला असाल. हसा. आम्हीही हसलो होतो, कारण मामांसारखा गंभीर चेहऱ्याचा माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. मामीनं पेंडीच्या रिकाम्या पोत्यांचा झगा शिवला. छापलेली अक्षरं आतल्या बाजूला घेतली, तरी पाठीवर एक ओळ बाहेर राहिलीच — ‘कोरड्या जागी ठेवावे’. केसांसाठी मी अंबाडीचा, दोर वळायचा वाख घेतला आणि पोळ्याला शिंगं रंगवायचा जांभळा रंग घमेल्यात कालवून तो रंगवला. रंग पडूनच होता. रंगवायची शिंगं छावणीत होती ना. माझी नखं कितीतरी दिवस जांभळी राहिली. कॉलेजात सांगितलं, शाई सांडली.

मामा पहिल्या दिवशी परत आले आणि सायकल लावता लावता म्हणाले, “मालक म्हणतो हसव, आन पोरं मला बघून रडायलीत. एक तर नवरदेवाच्या मागं लपलं.”

मामी म्हणाली, “थोडं हसून दावायचं.”

“हसलो की. मंगच रडलं.”

हे मी का सांगतोय? कारण माझ्या मामांना त्या कपड्यात हसवतासुद्धा येत नव्हतं, ठरवून कुणाला घाबरवायचं तर दूरच राहिलं. हे मला माहीत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा.

त्याच उन्हाळ्यात जोकरांची भीती आली. कुठून आली कुणास ठाऊक. मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. पांढऱ्या तोंडाचा, लाल ओठांचा माणूस एका पोराला ओढत नेतोय. कुठली, कधीची, कुणी विचारलं नाही. नेकनूरच्या बाजारात दिसला. केजच्या स्टँडमागं दिसला. त्याच्या बुटाला स्प्रिंग असते, तो नाला एका उडीत ओलांडतो. रुमाल झटकला की पोरगं आपोआप मागं चालायला लागतं. शाळा ओस पडल्या. कुठं एका आइस्क्रीमवाल्याला, त्यानं रंगीत टोपी घातली म्हणून, गाडीसकट पळवून लावलं. मी या सगळ्यावर हसत होतो. शिकलेला होतो ना.

आता पाण्याचं ऐका. टँकर गावच्या विहिरीत यायचा. माळवस्ती नाल्याच्या अलीकडं. आमच्या बायका पहाटे उठून कोरड्या नाल्यातल्या धोंड्यांवरून उतरायच्या, चढायच्या, नंबर लावायच्या आणि भरलेले हंडे घेऊन तसंच परत. शेजारची कौसाबाई त्या धोंड्यांवरून हंड्यासकट पडली आणि तिचा खुबा मोडला. टँकर वस्तीवर यावा म्हणून मी अर्जावर अर्ज केले. वस्तीत लिहिता येणारा मीच होतो. तहसीलमधल्या बाबूंनी शेवटचा अर्ज वाचला आणि म्हणाले, टँकर गावाला मंजूर आहे, वस्ती गावातच येते.

मी म्हणालो, “साहेब, मधी नाला हाय.”

“नाल्यात पाणी आहे का?”

“न्हाई.”

“मग अडचण काय?”

तुम्ही काय बोलला असता? मी नमस्कार करून बाहेर आलो. मला शाळेत नमस्कार करायला फार चांगलं शिकवलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी दूध संस्थेच्या ओट्यावर चेअरमन आणि दहा-पंधरा जण बसले होते. विषय अर्थात जोकरांचा. त्यातल्या एकानं मला हाक मारली, “तू रोज केजला येऊन-जाऊन असतूस बे. तुला काय दिसलं का न्हाई?”

“दिसला,” मी म्हणालो.

ठरवून म्हणालो का? नाही. तोंडातून गेलं. पण पुढचं सगळं ठरवून बोललो. कुठं, म्हणाले. नाल्यावर, म्हणालो. पहाटे, पाण्याच्या वाटेवर. मी खोटं बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. भानुदासनं वाढवलेलं पोरगं, कॉलेजात जाणारं. चेअरमन पुढं सरकून बसले. “कसा व्हता रे?”

खोट्याला तपशील लागतो. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर असली की वर्णन चांगलं होतं, हे मला निबंध लिहून लिहून माहीत झालं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर आयुष्यात पाहिलेला एकच जोकर होता.

“केस जांभळे,” मी म्हणालो. “अंबाडीच्या वाखासारखे. अंगात ढगळ झगा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या वस्तीची एक बाई नाला उतरली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बाप्ये छावणीत, घरात पोरीबाळी, आणि वाटेवर जोकर. चेअरमनांच्या शेतात, घरात कामाला येणाऱ्या बायका वस्तीवरच्या. त्या घरात अडकल्या, म्हणून चेअरमननी तहसीलला फोन लावला. वस्तीवर भीतीचं वातावरण आहे, म्हणाले. ज्या कचेरीला नाला दिसत नव्हता, मोडलेला खुबा दिसत नव्हता, तिला जोकर लगेच दिसला. आठवडा संपायच्या आत टँकर वस्तीवर आला. टाकी बसली. कौसाबाईला बाजेसकट उचलून बाहेर आणलं, टँकर पाहायला. तिनं टाकीच्या नळाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, “तुझ्या डोळ्याला दिसलं, लई बरं झालं बाबा.”

याची मला लाज वाटत नाही. स्पष्ट लिहितो, या खोट्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही, आजही नाही. अफवा पसरवू नये असं मीही वर्गात शिकवतो. पण खरं लिहिलेले माझे सगळे अर्ज त्या कचेरीत पडून राहिले आणि खोटं एका संध्याकाळी पोचलं. यात कुणी लाजायचं ते कचेरीनं ठरवावं. परत तशी वेळ आली तर परत सांगेन — नाल्यावर जोकर दिसला. फक्त त्याचे केस वेगळ्या रंगाचे सांगेन.

इथं थांबता आलं असतं तर ही बढाई झाली असती.

टँकर यायच्या आधीचीच गोष्ट आहे. ओट्यावरची बातमी मामांच्या कानावर गेली होती. जेवताना म्हणाले, “नाल्यावर कोण दिसलं म्हणं तुला?”

“होतं कुणीतरी.”

मामा माझ्या हातांकडं पाहत राहिले. नखांच्या कडेला जांभळं अजून होतं. मग ताटातली भाकरी मोडत म्हणाले, “नखं घासून धू.” एवढंच. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मी तेव्हाच बोलायचं होतं की, मामा, ते केस केजलाच जाळून टाका. नाही बोललो. का? बोललो असतो तर खोटं बोललो हे त्यांच्यासमोर कबूल करावं लागलं असतं. मी नखं धुतली.

टाकी बसल्यावर काही दिवसांनी मंडपवाल्यानं जोकर बंद केला. लोक दगड मारतील, म्हणाला. मामांना झगा आणि केस परत दिले. मामांनी ते फेकले नाहीत. मामीला पोती परत हवी होती, आणि मामा वस्तू फेकणाऱ्यातले नव्हते. गाठोडं घेऊन ते जीपमध्ये बसले. फाट्यावर आमच्याच गावची पोरं प्रत्येक जीप थांबवून पिशव्या तपासत होती. जांभळे केस निघाले.

तुम्हाला वाटेल, मामा तर गावचाच माणूस, लोकांनी ओळखलं असेल, हसून सोडलं असेल. ओळखलं म्हणूनच सोडलं नाही. परक्या जोकराला लोक पोरं पळवणारा म्हणाले असते. आपला माणूस तोंड रंगवून पहाटे बायकांच्या वाटेवर कशाला बसेल? पोरं पळवायला? ज्या वाटेनं बायका परसाकडंही जातात, त्या वाटेवर? काय म्हणायचंय ते कुणी मोठ्यानं बोललं नाही. सगळ्यांना कळलं.

त्यांना संस्थेच्या ओट्यावर आणलं, आणि मला बोलावून घेतलं.

मी पोचलो तेव्हा मामा ओट्याच्या कडेला बसले होते. टोपी नव्हती. गालावर बोटं उठली होती. शेजारी झगा पसरला होता आणि एक पोरगं त्याच्या पाठीवरची ओळ मोठ्यानं वाचून दाखवत होतं, कोरड्या जागी ठेवावे, कोरड्या जागी ठेवावे, आणि लोक हसत होते. मामा सांगत होते, लग्नात उभा राहातो, मंडपवाल्याला फोन लावा. चेअरमन म्हणाले, “लावू की. आदी ज्यानं पाहिलं त्यो काय म्हणतो ते ऐकू.” मग माझ्याकडं वळले. “तूच पाहिलंवतंस ना? हाच का?”

मी हात खिशात घातले.

काय बोलायचं होतं ते सोपं होतं. नाल्यावर कुणीच नव्हतं. मी खोटं बोललो. हे केस मी रंगवलेत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सोपी वाक्यं. लिहायला आता एक ओळ लागली.

मी म्हणालो, “अंधार व्हता. केस असेच व्हते.”

मामांनी वर पाहिलं. मी त्या नजरेबद्दल काही लिहिणार नाही — मी ती पूर्ण पाहिलीच नाही, खाली पाहिलं. पण त्यांचं बोलणं ऐकलं. ते चेअरमनला म्हणाले, “मंग आसंल. पोरगं शिकल्यालं हाय. ते खोटं कावून बोलंल?”

त्यांनी मला वाचवलं. ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, स्वतःचा गुन्हा कबूल केल्यासारखं बोलून. आणि मी वाचलो.

त्यांना झगा घालायला लावला, केस लावायला लावले आणि ऊन उतरेपर्यंत मारुतीच्या पारावर बसवलं. लहान पोरं खडे मारत होती. गंमत अशी की, त्या दिवशी एकही पोरगं रडलं नाही. पुढच्याच सभेत संस्थेची बदनामी केली म्हणून त्यांचं सभासदत्व काढलं. ज्यांचं पाणी घातलेलं दूध त्यांनी कधीकाळी परत पाठवलं होतं, त्या सगळ्यांचे हात वर गेले. मंडपवाल्याला फोन कुणी लावला नाही. मीही लावला नाही. केजला मी रोज जात होतो, त्याच्या दारावरून जात होतो.

त्यानंतर आमच्या नळावर मामी गेली की बाकीच्या बायका मागं सरकायच्या. माझ्या खोट्यानं आलेल्या पाण्याच्या नळावर. कौसाबाईसुद्धा बाजेवरून तोंड फिरवायची. मामा-मामी मग मामीच्या माहेरी, तेलगावला गेले. कपाशी वेचायला, ऊस तोडायला, दुसऱ्याच्या रानात, त्या वयात. मला म्हणाले, परीक्षा होईस्तोवर खोली सोडू नको, चावी तुझ्यापाशी ठेव.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की, पाण्यासाठी गप्प राहिलो. खरं बोललो असतो तर टँकर बंद झाला असता, कौसाबाई, वस्ती, पोरीबाळी. किती छान वाटतं ऐकायला. एका माणसाची अब्रू आणि अख्ख्या वस्तीचं पाणी. मला या हिशेबावर झोप लागायची.

तो हिशेब खोटा आहे. टँकरची मंजुरी कागदावर आली होती, टाकी बसली होती. जोकर खरा की खोटा हे विचारायला कचेरीतून कुणी येणार नव्हतं. कुणी कधी आलं होतं? पाणी येतच राहिलं असतं. हे मला त्या दिवशी ओट्यावर उभं असतानाही माहीत होतं. मी पाण्यासाठी गप्प बसलो नाही. हे पोरगं खोटं बोलत नाही, हे जे माझ्याबद्दल म्हणायचे ना, तेवढं राहावं म्हणून मी बोललो. ते नाव मला मामांनीच कमवून दिलं होतं. ते वाचवायला मी मामांनाच देऊन टाकलं.

निकाल लागला तेव्हा गावानं माझा सत्कार त्याच पारावर केला. चेअरमननी नारळ दिला, मी घेतला. मग पेढे घेऊन तेलगावला गेलो. मामांनी पेढा तोंडात टाकला, म्हणाले लई चांगलं झालं, आणि मामीला म्हणाले, ह्याला आता सर म्हणायचं. दुसरं काही नाही. मी त्या दिवशी सांगायला गेलतो. पेढे देऊन आलो.

मागच्या वर्षी आमच्या शाळेत अफवांवर माझं भाषण ठेवलं होतं. मी जोकरांचीच गोष्ट सांगितली. एका गावात लोकांनी एका निरपराध माणसाला कसं पारावर बसवलं ते. चांगली सांगितली. काही मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या वाजल्या. गोष्टीतला, ‘मी पाहिलं’ म्हणणारा माणूस मी गाळला होता. तो गाळला तरी गोष्ट उभी राहते, लोक रडतात, हे पाहून मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

म्हणून हे. माझ्या नावानं छापायला देतोय. त्याआधी मामांना पत्र पाठवतोय. ते असं —

तीर्थरूप मामांस, साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी पहाटे नाल्यावर कुणीच नव्हतं. मी जोकर पाहिला नव्हता. ओट्यावर केसांचं वर्णन केलं ते तुमच्या केसांचं, मी घमेल्यात रंगवलेल्या. तुम्हाला हे जेवताना, माझी नखं पाहूनच कळलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

चेअरमननी विचारलं तेव्हा खरं बोलायला मला कसलीच अडचण नव्हती. पाणी आलेलं होतं. माझं नाव राहावं म्हणून मी खरं बोललो नाही.

येत्या गुरुवारी संस्थेची वार्षिक सभा आहे. मी आता सभासद आहे. ओट्यावर उभा राहून हे सगळं वाचून दाखवणार आहे. नंतर छापून येईल. त्यात तुमचं नाव आहे आणि माझंही आहे.

तुम्ही त्या दिवशी म्हणालात, पोरगं शिकलेलं आहे, ते खोटं कशाला बोलेल. मामा, ते बोललं होतं.

तुमचा भाचा,
बाळासाहेब